आजाऱ्याची न्याहारी

कॉफी माझ्या हातचीच प्यावी, असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे. पण ती चहा पिते, त्यामुळे मी ते धरत नाही. स्टीलच्या पेल्यात दीड चमचा कॉफी, दोन चमचे साखर, वर पाण्याचे चार थेंब, आणि मग पार बदामी रंग येईपर्यंत चमच्याने फेटायचं. त्यावर उकळतं दूध ओतलं की फेस काठापर्यंत चढतो. शेजारच्या शेगडीवर लोखंडी तवा, त्यावर घरचं लोणी लावून पावाचे दोन तुकडे वाटीने दाबत भाजायचे. जळगावच्या मे महिन्यातही माझा हा कार्यक्रम चुकत नाही. "एवढ्या खटाटोपात माझ्या दहा भाकरी झाल्या असत्या," असं बायको रोज म्हणते. त्या दहा भाकरी खाणार कोण, ते मात्र सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साक्रीकडच्या आमच्या गावाहून आले आणि महिनाभर राहिले. वय पंच्याऐंशीला टेकलेलं, आणि सकाळी बाजरीची शिळी भाकरी चहात कुस्करून खाण्याचा शिरस्ता. मी कॉफी फेटायला लागलो की ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा माझ्यावर. मला वाटे, लेकाचं कसब बघताहेत. मी आणखी जोरात फेटत असे.

"हाई रोज लेस का?" एकदा त्यांनी पेल्याकडे बोट दाखवत गावच्या बोलीत विचारलं.

"रोज. नही लिधं ते डोकं दुखस, आबा."

"आनि भाकर?"

"सकायले पचस नही."

माझं सगळं लक्ष तव्याकडे होतं.

आमच्या गावात पाव हे आजाऱ्याचं खाणं. कुणी दवाखान्यात पडलं की भेटायला जाणारा पावाचा पुडा आणि मोसंबी घेऊन जातो. धडधाकट माणूस पाव खाताना दिसला तर लोक विचारतात, काय होतंय रे? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शहरात तीस वर्षं काढली की माणूस शहाणा होतो आणि ठाऊक असलेलंच नेमकं विसरतो. आबांनी तेवढ्यावरून सगळं ताडलं. बाटलीतली कडू वासाची भुकटी, मोजून दीड चमचा, घोटून दुधातून. भाकरी बंद, पाव चालू. लेकाला काहीतरी मोठं दुखणं लागलंय आणि घरचे आपल्यापासून लपवताहेत.

रविवारी दारात आक्का उभी. आक्का माझी थोरली बहीण, शिरपूरला दिलेली. आबांनी फोन केला म्हणून पहाटेच्या एसटीने आली होती. हातातल्या पिशवीत पावाचा पुडा आणि डझनभर मोसंबी. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून ती रडायलाच लागली.

"भाऊ, तुले काय व्हयनं ते माले तरी सांग!"

बायकोला आधी काही उलगडेना. उलगडलं तेव्हा तिने ओढणी तोंडाला लावली. आक्काला वाटलं, हीपण रडतेय, म्हणून तिने हुंदका वाढवला. शेवटी मी कॉफीचा पेला तिच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि "हाई दवाई शे व्हय?" म्हणत माझ्या पाठीत धपाटा घातला.

आबा मात्र हसले नाहीत. मला मोठ्या दवाखान्यात न्यायच्या तयारीने, पिशवी भरून, टोपी घालून ते कॉटवर बसले होते. मी शेजारी बसून सांगितलं, मला काही झालेलं नाही.

"तुनी मायना येळले बी तू हाईच सांगेल व्हतं," ते म्हणाले.

खरं होतं. आई तीन महिने धुळ्याच्या दवाखान्यात होती आणि आबा तिला भेटायला आले की आम्ही भावंडं त्यांना सांगत होतो, थोडा अशक्तपणा आहे, येईल लवकरच घरी. त्यांना धक्का बसू नये म्हणून. खरं दुखणं त्यांना कळलं ते शेवटच्या दिवशी. त्याची मला आजही लाज वाटते. इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता. आता मी खरं बोलत होतो आणि त्यांनी विश्वास ठेवावा असं माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

मग मी बोलणंच सोडलं. त्यांना हाताला धरून ओट्यापाशी आणलं आणि पेला, चमचा त्यांच्या हातात दिला. आबांनी फेटलं. फेस माझ्यापेक्षा जास्त चढला, हे बायकोने लगेच बोलून दाखवलं. आक्काने स्वतःच आणलेला पाव भाजला. आबांनी तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला. मग आणखी एक.

"आनि तू हाई बठ्ठं नुसतं चांगलं लागस म्हनीसन खास?" हे सगळं मी नुसतं चवीसाठी खातो, हे त्यांना अजून पटत नव्हतं.

"हां आबा. आवडस म्हनीसन."

तिसरा तुकडा त्यांनी बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"तुनी माय दवाखानामा चहामा पाव बुडाईसन खाये. मस्त लागस, म्हने. माले वाटे, माले धीर देवाकरता म्हनस."

तुकडा मऊ होऊन पेल्यात पडला. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"तिले खरंच मस्त लागत व्हई, भाऊ."