सहाव्या वर्षी येणारी दाढ

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पण पदवीनंतर मला खरा दातांचा डॉक्टर केलं ते शालिनी मॅडमनी. नाशिकच्या त्यांच्या दवाखान्यात मी दोन वर्षं काम केलं. मुलांचे दात तपासण्याआधी मॅडम स्वतःचं तोंड उघडून मुलालाच दात मोजायला लावत. आकडा चुकला की म्हणत, "परत मोज रे, एक राहिला. रुसेल तो." मूल हसायचं, आणि त्याचंही तोंड उघडायचं.

एकदा सटाण्याकडचे एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, गौरीला घेऊन आले. खालची दाढ किडून ठणकत होती. मीही सटाण्याचा, हे कळल्यावर ते मोकळेपणाने म्हणाले, "दूधनी दाढ शे डॉक्टर, काढी टाका." आमच्याकडे सगळे ही दाढ दुधाचीच समजतात. माझीही तीच दाढ लहानपणी अशीच गेली. एक्स-रेत मुळांची टोकं अजून उघडी होती, म्हणजे मुळं पुरती वाढलेली नव्हती. नस सुजलेली. दाढ कायमची हे मी शिकलो होतो, पण ती वाचेल असं वाटेना. मी हळूच विचारलं, "मॅडम, काढूनच टाकू या?"

"सोनवणे, ही सहाव्या वर्षी येते आणि कायमची असते," मॅडम गौरीच्या वडिलांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या. "काढलीस तर जन्मभर खड्डा. नसेचा वरचा भाग सुजलाय. खालचा जिवंत ठेवला तर मुळं पूर्ण वाढतील. तूच कर. मी हात मागे बांधून उभी राहते."

दाढ बधिर करून मी नसेचा वरचा सुजलेला भाग काढला आणि ओला कापूस दाबून धरला. काही मिनिटांनी उचलला, तर रक्त चालूच. मी मॅडमकडे पाहिलं.

"जमत नही का?" गौरीच्या वडिलांनी विचारलं.

"जमतंय, भाऊ," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "घाबरतोस काय? आजारी भाग थोडा राहिलाय. अजून जरा खाली जा."

तसं केलं, पुन्हा कापूस धरला. या वेळी रक्त थांबलं. औषधी सिमेंट भरून मी दाढ बंद केली.

"दाढ खरंच वाचली का, ते वर्षभराने एक्स-रे सांगेल," मॅडम गौरीच्या वडिलांना म्हणाल्या. "दुखत नसलं तरी आणायचं हं पोरीला."

पुढे मी सटाण्यात दवाखाना टाकला. वर्षाने गौरी तिथेच आली. त्याच दिवशी मी मॅडमना पत्र लिहिलं:

"आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार. गौरीचा एक्स-रे सोबत पाठवतो आहे. दुखणं नाही, सूज नाही, आणि दोन्ही मुळांची टोकं पूर्ण झाली आहेत. मी तीनदा पाहिलं. तिचे वडील धाकट्या मुलालाही घेऊन आले होते. त्याचं काहीच दुखत नव्हतं. म्हणाले, 'यानी सहा वरीसनी दाढ बी देखी ल्या.' दुधाची नव्हे, सहा वर्षांची दाढ! आमच्या भागात कुणाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.
आपला,
सोनवणे"