बाबाजींनी लावलेला तिरका बोर्ड

शारजाच्या औद्योगिक भागातल्या बोर्डवाल्यांत बाबाजींची ख्याती एकच: माणूस देवगडचा, बोलायला तिरकस, पण बोर्ड लावणार ओळंब्यात. खोलीत जेवायला बसले तरी आधी समोरचं कॅलेंडर सरळ करणार. भात निवला तर निवला.

त्या दिवशी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या बिस्किटांच्या दुकानाचा बोर्ड लावायचा होता. डिझाइन अपर्णाचं. दुबईतच, अल मनखूलमध्ये वाढलेली पोर, स्वतःचं असं हे पहिलंच काम. लाल-काळा बोर्ड, आणि त्यावर डावीकडून उजवीकडे जिना चढत निघालेली भलीमोठी अक्षरं. बाबाजींना तिची दयाच आली. छापताना सरकलं असणार बिचारीचं! तिची अब्रू राखायची म्हणून त्यांनी जोडीदार बदरुद्दीनला हुकूम सोडला, "राइट साइड नीचे ले. और थोडा. बस, खलास!"

अक्षरं सरळ झाली. बोर्ड मात्र दारावर पाय घसरल्यासारखा दिसू लागला.

अपर्णा आली आणि तिने कपाळाला हात लावला. "काका, व्हॉट इज धिस? संध्याकाळी ओपनिंग आहे!"

"अगो, तुझी चूक झाकलीय मी."

"चूक नाहीये ती! शंभर वर्षांपूर्वी रशियात जाहिराती अशा करायचे. बिस्किटं असोत, रबरी बूट असोत, अक्षरं तिरकी, ओरडणारी. माणूस चालता चालता थांबला पाहिजे."

"थांबतील गो. आणि विचारतील, लावणारा कोण गाढव?"

अपर्णा हसणार होती, पण त्यांचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. मग हळूच म्हणाली, "काका, हे बिघडलं तर मला दुसरं काम कोणी देणार नाही."

बाबाजी शिडीला टेकून बोर्डाकडे बघत राहिले. सरळ बोर्ड लावणारा म्हणून इतक्या वर्षांचं नाव होतं त्यांचं. शेवटी पुटपुटले, "यल्ला, बदरू. जैसा था वैसा."

संध्याकाळी दुकान उघडलं तरी बाबाजी तिथून हलेनात. कोणी थांबून मान वाकडी केली की पुढे सरसावत, "भाईसाब, बोर्ड एकदम सीधा है. अक्षर मुद्दाम तिरछे किये हैं. रशिया का फॅशन!" माणूस हसे, आणि थांबलाच आहे तर आत डोकावे.

अपर्णा बिस्किटांची बशी घेऊन बाहेर आली. "काका, खूप झालं. घरी जा आता."

"जातो गो," बाबाजी बिस्कीट तोंडात टाकत म्हणाले. "तो हिरव्या शर्टवाला बघ, मान कशी केलीय त्याने. त्याला तेवढं सांगून येतो."