सात कोरियन आणि पाच दंडारवाले

मोहाडीच्या बाजारातले लॅमिनेशनवाले काका पोस्टर मशीनमध्ये घालण्याआधी प्रत्येक पोरीला विचारतात, "यातला तुले कोनता आवडते वं?"

परवा माझ्या मुलीने सात कोरियन गायकांमधला निळ्या केसांचा दाखवला. मी हसलो, तर काका माझ्यावरच उखडले. "हासता कायले? आमच्या दंडारीत पाच पोरं नाचत, गात. त्यायले पाहाले पोरी तीन गावं पायी येत."

त्यांनी पिशवीतून त्या पाचांचा जुना फोटो काढला, नुकताच लॅमिनेट केलेला. "हा ढोलकीवाला मी. आमची घरवाली एकही दंडार चुकवत नव्हती."

"तुमच्यासाठी?"

"नाही जी, या कुरळ्या केसाच्यासाठी. फोटो खराब होऊन राहिला होता. म्हटलं, तिचा हिरो टिकला पाहिजे."

आणि काकांनी बाहीने त्या कुरळ्याचा चेहरा हळूच पुसला.