साडू आणि प्लॅस्टिकची अळी

सिंगापूरच्या पाण्यात असा एकही मासा नसेल, ज्याला माझ्या थोरल्या साडूंनी मनोभावे फसवलं नाही. आणि असाही एक नसेल, जो त्यांनी खाल्ला.

साडू पक्के पुणेरी शाकाहारी. राहायला वुडलँड्सला, नोकरी कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मासळीचा स्टॉल दिसला की नाकाला रुमाल लावून लांबून जायचे. तेच साडू रविवारी सकाळी गमबूट चढवून रिझर्वॉयरवर हजर. लागलेला मासा ओल्या हातांनी धरायचा, "झालं हं, झालं," म्हणत गळ सोडवायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, हा त्यांचा शिरस्ता. तिथे जिवंत आमिषाला बंदी, त्यामुळे सगळा कारभार मऊ प्लॅस्टिकच्या अळ्यांवर चाले. अळीच्या डोक्यातून गळ घालायचा, जरा खाली बाहेर काढायचा, फिरवायचा आणि टोक पुन्हा तिच्याच अंगात लपवायचं, म्हणजे ती पाणगवतात अडकत नाही. सांगायला सोपं आहे. मी लावलेली अळी मुरगळायची आणि पाण्यात गरगर फिरायची. साडूंची सरळ, सुखात निघालेली. "आपल्यात गळ आहे हे अळीलासुद्धा कळता कामा नये," ते म्हणायचे. नव्या अळीची परीक्षा बाथरूममधल्या बादलीत व्हायची आणि बाहेर ताई, म्हणजे त्यांची बायको, ऑफिसला उशीर होतोय म्हणून दार बडवत असायची. एकदा त्यांनी अळ्या तिच्या मसाल्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या. महिन्याभरात त्या विरघळून डब्याला कायमच्या चिकटल्या. ताई दोन दिवस बोलली नाही. साडूंना दुःख झालं ते अळ्यांचं.

पण पाण्याकाठी या माणसाला तोड नव्हती. दोरीला बोट लावून ते तळ सांगायचे. मला वाटे, थापा मारतात. एकदा म्हणाले, "आता चिखल. आता फांदी. आता पाहुणा." आणि शेपटीवर मोराच्या डोळ्यासारखा ठिपका असलेला पीकॉक बास बाहेर आला. शेजारच्या चिनी अंकलनी आपला रॉड खाली ठेवला आणि सिंगापुरी इंग्रजीत मला म्हणाले, "युअर ब्रदर कॅन सी अंडरवॉटर, लाह." मला ते तेव्हा पटलं आणि अजून पटतं.

पलीकडच्या काठाला एक बुडालेलं झाड होतं. त्याखाली एक मोठा पीकॉक बास राहतो, अशी साडूंची खात्री होती. तीन वर्षं ते त्याच्या मागे होते. पाहिला कुणीच नव्हता. मग मंदी आली, त्यांची नोकरी गेली, तिच्यावर मिळालेला राहण्याचा पास रद्द झाला आणि महिन्याभरात देश सोडायची वेळ आली. ताई सामान बांधत होती, तर हे म्हणाले, "बाकी सगळं पुण्यात मिळेल हो. तो एक राहिला."

शेवटचा रविवार नेमका संकष्टीचा निघाला. उपवासाच्या दिवशी ते कुणाला गळ टोचत नसत. नुसती अळी दोरीला बांधून टाकायचे. मी म्हटलं, "अहो, आजच्या दिवस लावा. बाप्पा समजून घेतील." त्यांनी गळांची डबी माझ्या हातात दिली आणि अळीला दोरी बांधली.

तासाभराने दोरीवरचं त्यांचं बोट थांबलं. दोरी सावकाश झाडापासून दूर सरकू लागली. साडूंनी ओढली नाही, नुसती देत राहिले, मग अगदी हलक्या हाताने वळवली. आणि आमच्यासमोर, हातभर पाण्याखाली, एक हिरवी-सोनेरी पाठ वर आली, माझ्या हाताएवढी लांब. तोंडात अळी. क्षणभर तो तसाच थांबला, मग त्याने ती सोडून दिली आणि गेला.

मला इतका राग आला होता की हातातली गळांची डबी मी काठावर आपटली. साडूंचे डोळे भरले होते. "आहे," ते म्हणाले. "होता की नाही? आता जायला हरकत नाही."

मंगळवारी ते पुण्याला गेले. त्या झाडापाशी मी अजून जातो, चांगला गळ लावून जातो. आता माझीही अळी सरळ जाते. पण तो खरंच लागला तर काय करायचं, हे मला ठरवता येत नाही. म्हणून अळी झाडाच्या दोन हात अलीकडेच टाकतो.