गाईच्या पोटाचं गणित

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी खिडकीपाशी तांदूळ निवडत बसले होते. फोन तिच्या मुलीचा होता. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि..." ताटातले तांदूळ तसेच ठेवून मी उठले आणि अमरावतीची गाडी धरली. पुढे काही दिवसांनी तिथे श्रद्धांजलीची सभा झाली. शकूकडे गणित शिकलेले, आता स्वतः आजोबा-आजी झालेले कितीतरी विद्यार्थी आले होते. प्रा. शकुंतला तायडे यांचं फळ्यावरचं सुंदर अक्षर, त्यांची शिस्त, उशिरा येणाऱ्याला दारातूनच परत पाठवणं, असं सगळं लोक सांगत होते, आणि ते सगळं खरंच होतं. पण गाईंबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते कोणाला माहीतच नव्हतं. मला मात्र शकू म्हटलं की आधी अकोल्याचा तो गोठा आठवतो, म्हणून हे लिहायला बसले.

आमची ओळख अमरावतीच्या मुलींच्या होस्टेलवरची, पन्नासच्या दशकातली. मी अकोल्याच्या एका वकिलाची मुलगी, रसायनशास्त्र शिकायला आलेली. शकू हिवरखेडची. तिचे वडील अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढत आले होते. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, आणि त्या दिवाळीच्या सुट्टीतून शकू परत आली ती काहीशी उंच झाल्यासारखी. खोलीत ट्रंक ठेवता ठेवता म्हणाली, "बाबानं सांगून टाकलं, आता ह्या घरातलं कोणी दुसऱ्याच्या गोठ्यात पाय ठेवणार नाही." मग खाटेवर बसून तिनं गणिताचं पुस्तक उघडलं आणि जेवणाची घंटा होईपर्यंत मान वर केली नाही. गणित हे तिचं वेड होतं. मला ज्या उदाहरणाची धास्ती वाटायची त्याच्याकडे ती लोणच्याच्या बरणीकडे पाहावं तशी पाहायची.

शिक्षण संपलं. शकू अमरावतीतच कॉलेजात शिकवायला लागली आणि मी अकोल्याला एका शेतकी संस्थेच्या प्रयोगशाळेत लागले. माझं काम जनावरांच्या खाद्याचे नमुने तपासायचं. सरकीची ढेप, भुईमुगाची ढेप, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, ज्वारीचा कडबा, तुरीचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा... कशात किती प्रथिनं, किती चुना म्हणजे कॅल्शियम, किती ताकद, हे काढून मी संस्थेच्या गोठ्याकडे पाठवायची. तिथे डॉक्टर देशमुख हे पशुवैद्य होते, भला माणूस. पण माझ्या आकड्यांचं करायचं काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. दोन जिनसा असतील तर कागदावर चौकोन आखून त्यांचं प्रमाण काढता येतं. जिनसा आठ, आणि अटी त्याहून जास्त, म्हटल्यावर ते डोकं खाजवायचे आणि अंदाजानं मिश्रण करायचे. त्यातच साठचं दशक अर्ध्यावर आलं असताना पाऊस दगा देऊन गेला. चारा मिळेना, गाई वाळल्या, वासरं उभी राहीनात. संस्थेच्या साहेबांनी सांगून टाकलं की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गोठा सावरला नाही तर कळप लिलावात निघेल.

मी हे सगळं रविवारी अमरावतीला गेल्यावर शकूला सहज सांगितलं. मनातलं बोलून मोकळं व्हावं, एवढाच हेतू. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"कुसुम, मंग हे सोडवता येते," ती म्हणाली.

"काय सोडवता येते?"

"तुह्या गाईचं जेवण. आठ जिनसा म्हणजे आठ अज्ञात संख्या. प्रथिनं इतकी तरी पायजे, चुना इतका तरी पायजे, अन् सगळं मिळून स्वस्तात स्वस्त. याची रीत निघाली आहे वं, मी वाचून राहिली ना सध्या!"

तव्यावरची भाकरी करपली. शकूचं लक्षच नव्हतं. पिठाच्या हातानं तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर समीकरणं मांडायला सुरुवात केली होती. पुढचे कित्येक आठवडे ती मोठमोठे कागद घेऊन हातानं हिशेब करत होती. एक ओळ चुकली की सगळा कागद वाया. आणि उत्तर हाताशी येतं न येतं तोच बाजारात ढेपेचा भाव बदलायचा, की पुन्हा पहिल्यापासून. दुसरी कोणी असती तर कंटाळली असती. शकूनं मात्र मुंबईच्या एका संशोधन संस्थेला पत्र घातलं. तिथे कॉम्प्युटर आहे आणि बाहेरच्या अभ्यासकांनाही त्यावर थोडा वेळ देतात, असं तिच्या कानावर आलं होतं. उत्तर आलं, या म्हणून. सोबत त्या यंत्राला सूचना कशा लिहायच्या याचं एक पुस्तक आलं.

आज ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच, पण तेव्हा तो शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता. शकू त्याला 'प्रोग्रॅम' म्हणायची. यंत्र तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्याचा फोटोसुद्धा नाही. आणि अमरावतीच्या खोलीत बसून, पुस्तकातून एकेक नियम लावत, तिनं गाईच्या खाद्याचा अख्खा प्रोग्रॅम कागदावर लिहून काढला. मला वाचून दाखवायची. मला ओ की ठो कळत नसे, पण तिचा चेहरा बघण्यासारखा असे. समुद्र न पाहिलेल्या माणसानं होडी बांधायला घ्यावी, तशी ती निर्धास्त होती.

आम्ही दोघी मुंबईला गेलो. ती बडनेऱ्याला गाडीत बसली, मी अकोल्याला चढले, तर तिनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि मांडीवर ते कागद. संस्थेत कॉम्प्युटरची खोली हिवाळ्यासारखी गार होती. आम्ही पदर अंगाभोवती गुंडाळून उभ्या. यंत्र भिंतभर पसरलेलं. शकूच्या कागदांवरून तिथल्या माणसांनी कार्डांना भोकं पाडली, आणि कार्डांचा तो गठ्ठा यंत्रावरच्या तरुणाच्या हाती दिला. तो मराठीच होता. "इथे ताऱ्यांचं गणित येतं, अणूचं येतं. गाईचं पहिल्यांदाच आलंय," तो म्हणाला, पण चेष्टेनं नाही. त्यालाही उत्सुकता लागली होती.

पहिल्या वेळी यंत्रानं उत्तरच दिलं नाही. कुठे एक स्वल्पविराम राहिला होता. तो घालून गठ्ठा पुन्हा आत गेला. खडखडाट झाला, कागद सरसर बाहेर आला आणि शकूनं तो जवळजवळ हिसकूनच घेतला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि मला हसू आवरेना. यंत्राचं म्हणणं असं, की आमच्या एकेका गाईनं रोज बैलगाडीभर तुरीचं कुटार खावं, वर चिमूटभर मीठ. बाकी काही नको.

तो तरुणही हसला. शकू हसली नाही. कागदाकडे पाहत राहिली, आणि मग तिचे डोळे एकदम चमकले.

"मशीन नाही चुकलं, कुसुम. कुटार सगळ्यात स्वस्त, म्हणून त्यानं कुटार देल्लं. गाईचं पोट केवढं असते ते आपण त्याले सांगतलंच नाही."

गाईचं पोट! आठवडेच्या आठवडे आम्ही प्रथिनं आणि चुना मोजत होतो आणि एवढी साधी गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. मी तिथल्या तिथे सांगितलं की गाय दिवसाला साधारण किती कोरडा चारा खाऊ शकते. शकूनं एक ओळ वाढवली, नवं कार्ड झालं. पण आमची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी कागद बाहेर आला आणि तिनं तो मोठ्यानं वाचला. सरकीची ढेप थोडी, भुईमुगाची त्याहून कमी, चुनी, कोंडा, कुटार बेतानं, आणि चुनखडीची भुकटी. आपल्याकडे दुधाच्या जनावराला सरकी जितकी जास्त तितकी चांगली असं मानतात, आणि हे यंत्र सांगत होतं की सरकी कमी करा, तुमच्या गाई चुन्याला भुकेल्या आहेत. जिना उतरताना शकू दोन दोन पायऱ्या उतरत होती. प्राध्यापक बाई, नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी, रस्त्यावर येऊन म्हणाली, "चाल वं, आइस्क्रीम खाऊ."

अकोल्याला मिश्रण तयार झालं. डॉक्टर देशमुखांनी साहेबांना गळ घालून काही गाई आमच्या हवाली केल्या. गव्हाणीत खाद्य टाकलं, शकू खास अमरावतीहून आलेली, आम्ही सगळे बाजूला उभे... आणि गाईंनी हुंगून तोंड फिरवलं. एकीनंही जीभ लावली नाही. साहेब निघून गेले. शकूचा चेहरा एवढासा झाला. देशमुखांनीच मग तिला धीर दिला. "बाई, तुमचं गणित त्याइले कुठं माहीत आहे? जुन्या खाद्यात थोडं थोडं मिसळू. अन् वरून गुळाची मळी शिंपडू, वासानं येतील." शकूनं लगेच विचारलं, मळी किती? कारण मळीतही ताकद असते, ती हिशेबात धरायला हवी. तिथेच कडुनिंबाच्या झाडाखाली बसून तिनं सगळं हातानं पुन्हा जुळवलं. त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. पदर खोचून गव्हाणीपाशी उभी राहायची, कोणती गाय किती खाते, किती टाकते, पाहायची.

शकू गोठ्यात जाते ही बातमी हिवरखेडला पोचली, आणि एका रविवारी तिचे वडील गोठ्याच्या फाटकात येऊन उभे राहिले. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा. आत पाऊल टाकलं नाही. शकू त्यांना पाहून जागीच थबकली.

"काय वं पोरी," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मला तिथून दूर जावंसं वाटलं. "एवढी शिकवली, ते पुन्हा याच्यासाठी? कोणाच्या सांगण्यावरून येऊन राहिली इथं?"

"कोणाच्याच नाही, बाबा."

"मंग काहून येते?"

"मले पाहाचं आहे, माह्यं उत्तर बरोबर आलं का."

देशमुख पुढे झाले, नमस्कार केला, खुर्ची मागवली. म्हणाले, "बाबाजी, बाईंच्या कागदावर आमचा अख्खा कळप उभा आहे. त्या सांगतात तसं आमी करतो." वडिलांनी खुर्ची फाटकाबाहेरच ठेवायला लावली आणि संध्याकाळच्या धारेपर्यंत तिथून हलले नाहीत. देशमुख वही घेऊन शकूला विचारत होते, ती सांगत होती, माणसं तिच्या शब्दावर टोपल्या भरत होती, हे सगळं ते पाहत होते. शेणाच्या पाटीला त्या दिवशी शकूनं हात लावला नाही, एरवीही तिच्यावर ती वेळ कधी आली नाही. धार काढणारा भरलेली चरवी घेऊन आला आणि दुसरी मागू लागला. देशमुखांनी त्याला दोनदा विचारलं, खरंच का? खरंच होतं. कित्येक महिन्यांत त्या गाईंनी इतकं दूध दिलं नव्हतं. मला रडू आलं आणि शकू मात्र ओठ घट्ट मिटून हसत होती, लहान मूल बक्षीस लपवतं तशी.

तिचे वडील उठले. देशमुखांपाशी आले, म्हणजे फाटक ओलांडून आत आले. "डॉक्टरसाहेब, एक सांगा सगळ्याइले," ते म्हणाले. "हे गणित तायडेच्या पोरीनं केलं म्हणून."

देशमुखांनी गोठ्याच्या फळ्यावर खडूनं ठळक लिहिलं, 'तायडे मिश्रण', आणि माणसांना बोलावून वाचून दाखवलं. कळप लिलावात निघाला नाही. त्या उन्हाळ्यात जन्मलेली वासरं आपल्या पायांवर उभी राहिली, सगळा गोठा त्याच खाद्यावर आला. साहेबांनी शकूला संस्थेत नोकरी देऊ केली. ती तिनं घेतली नाही. तिला वर्ग आवडायचा. पण भाव बदलले की मी तिला कळवायची आणि तिचं नवं प्रमाण पोस्टानं यायचं, मी निवृत्त होईपर्यंत.

सभा झाली त्या संध्याकाळी मी तिच्याच घरी राहिले. तिच्या मुलीनं सांगितलं की आई शेवटपर्यंत रोज फिरायला जायची, कॅम्प भागाच्या मागच्या रस्त्यानं, आणि वाटेत कोणाचीही गाय बांधलेली दिसली की थांबायची. मला घरात बसवेना, म्हणून मी त्याच रस्त्यानं निघाले. एका घरापुढे तांबडी गाय होती आणि एक माणूस तिला पाणी पाजत होता. मी जरा रेंगाळले तर त्यानंच विचारलं, "इथं एक बाई येत होत्या रोज. लय दिवस झाले, दिसल्या नाहीत."

मी सांगितलं. त्यानं बादली खाली ठेवली. "रोज विचारत, आज काय देल्लं इले म्हणून," तो म्हणाला. "मी खोटं सांगतलं की वाकून पाहत."

मी गाईजवळ गेले, आणि कळायच्या आत गव्हाणीवर वाकले. नुसता कडबा होता.

"आज ढेप नाही टाकली?" मी विचारलं.

तो ओशाळला, जरासा हसला, आणि टोपलं घेऊन आत गेला.