गोबरगॅसच्या घरातला स्टोव्ह

टीव्हीवर सगळे नट-नट्यांची नावं वाचतात. माझी बायको लेखकाचं नाव वाचायची. शिक्षण तिसरी. पाट्या भराभर सरकायच्या, अख्खं नाव तिला कधीच वाचता आलं नाही, पण अक्षरांची ठेवण तिच्या डोळ्यांत बसली होती. ती दिसली की म्हणायची, "आज हा हाय. गप बसा समदी."

आता ती नाही. तिच्यामागं मी टीव्ही लावतो, पण बघत नाही.

ही गोष्ट नव्वदच्या पुढची. वडगाव निंबाळकरजवळ आमची वस्ती. वस्तीवर टीव्ही एकच, आमचा, काळा-पांढरा. मालिका सुरू झाली की लाईट जायची. मग मी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचो. सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागे, पण बायकांच्या शिव्या खाण्यापेक्षा ते बरं.

तो लेखक दोन मालिका लिहायचा, एक घरातली आणि एक खुनाची. सगळे भाग चांगले नव्हते. काही तर नुसतं पाणी घालून वाढवलेलं कालवण. पण जे चांगले होते ते अजून अंगावर येतात. एका भागात तीन भाऊ जेवायला बसतात. अख्खा भाग जेवणच. थोरल्याची बायको वाढते, सगळे हसतात, बोलतात, आणि शेवटी कळतं की तिचं ताट मांडलेलंच नाही. खून नाही, मारामारी नाही. त्या रात्री मी आधी हिचं ताट मांडलं, मग बसलो.

दुसरा भाग खुनाचा. म्हातारा-म्हातारीचं घर, आतल्या खोल्यांना कधी कुलूप माहीत नाही. एक दिवस सून बाजारातनं कुलूप घेऊन येते. एवढंच. आमच्या हिनं तिथंच सांगितलं, "म्हातारा जाणार."

"तुला काय लेखकानं सांगावा धाडला व्हय?" मी म्हणालो.

"त्याची रीत हाय ती. आदी घरात नको ती वस्तू आणतो, मग माणूस घालवतो."

म्हातारा गेला.

आमच्या शेजारची वस्ती दुधवाल्यांची. दावणीला म्हशी, जर्सी गाया, शेणाला तोटा नाही. आमच्याकडं पहिला गोबरगॅस त्यांनीच बांधला. चहासुद्धा निळ्या जाळावर. त्यांची सून इंदापूरकडची, वरकुट्याची. माहेर मेंढरांचं, नंतर शेतीला लागलेलं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी लेकरू नव्हतं. पोराला दुसरी करून द्यायची, असं तिच्यादेखत बोलायचे. हिला ती मावशी म्हणायची. टीव्ही बघायला आली की उंबऱ्यापाशीच बसायची. हाक आली की उठायला सोपं.

एका सकाळी ही तिकडं विरजण आणायला गेली आणि रिकामी वाटी घेऊन परत आली.

"त्यांनी स्टोव्ह आणलाय. नवा. कोपऱ्यात ठिवलाय, अजून पेटवला बी न्हाय."

"मग?"

"सासूला इचारलं, स्टोव्ह कशाला वं आत्याबाई? म्हणली, पाव्हणं आलं तर च्याला. मी म्हणलं, तुमच्या दारात पाव्हणं सोडा, भिकारी बी दुसऱ्यांदा येत न्हाय."

"हसली का?"

"न्हाय. चिडली बी न्हाय. तेच तर."

त्या काळात पेपराच्या कोपऱ्यात बातमी यायची, स्टोव्हचा भडका उडून सून भाजली. वाचायची आणि पान उलटायचं. मलाबी तेच आठवलं, पण तोंड थोडंच गप बसतंय. म्हणालो, "शिरियलीवरनं लोकाचं घर मोडतीस का काय?"

"मोडू दे. घर परत बांधता येतं."

लेकीला न्यायला मुराळी येतो तो पंचमीला, आणि पंचमी लांब होती. पण दारात आलेला मुराळी रिकामा धाडला तर भावकी तोंडात शेण घालते. हिनं तेवढंच धरलं आणि मला वरकुट्याला पिटाळलं. बारामती स्टँडवर गाडी बदलून गेलो. पोरीचा बाप उरलेल्या मेंढरांपाशी बसला होता.

"काय झालं, पाव्हणं?"

"काय झालं न्हाय. म्हणूनच चला."

 त्यानं पटका गुंडाळला आणि पायताण शोधायला लागला.

बाप लेकीच्या दारात उभा राहिला तेव्हा सासू म्हणाली, "पंचमीला न्या की. दुभतं कोण बघायचं?"

"देवाचं हाय. लेकीचा हात लागल्याबिगर निवद व्हत न्हाय."

सासूची मान आमच्या बांधाकडं वळली. ही तिथं उभी होती, पदर खोचून. गवत कापायचं सोंगसुद्धा केलं नव्हतं. नवरा गोठ्यात होता, तो बाहेर आलाच नाही. सून पिशवी घेऊन निघाली.

बापानं तिला परत नांदायला धाडली नाही. पुढं फारकत झाली. शेजाऱ्यांनी दुसरी आणली. तिला लेकरं झाली, ती चांगली नांदली. त्या स्टोव्हवर चहा होताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग वस्ती हिच्यावर उलटली. टीव्हीचं याड लागलेल्या बाईनं नांदतं घर मोडलं म्हणाले. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. मालिकेला आम्ही दोघंच उरलो. ही कुणाला उत्तर द्यायची नाही. दुखण्यात पडली तेव्हा मात्र मला विचारायची, "माझं चुकलं का वं?" मी म्हणायचो, न्हाय. तिला माझं खरं वाटायचं नाही. तसंच मनात घेऊन गेली.

दहाव्याला ती पोर वरकुट्याहून आली. माणसं पांगल्यावर मी तिला सरळच विचारलं, "तुझ्या मावशीचं बरोबर होतं का चूक? एवढं सांग."



"मला म्हाईत न्हाय, आबा. मी जित्ती हाय. म्हणून आता कुणालाच कळायचं न्हाय."

तेवढ्यात तिची जुनी सासू, शेजारची म्हातारी, बांधावर येऊन उभी राहिली. दोघींची नजरानजर झाली. पोरीनं नजर काढली नाही. म्हातारी वळली, घरात गेली आणि दिवसाढवळ्या तिनं आतनं कडी घातली.