कमलेशचा कमलाश होऊ न देणाऱ्या सुलोचनाबाई

सुलोचनाबाई गुरनुले यांची आणि माझी पहिली भेट चंद्रपूरच्या एका कथालेखन शिबिरात झाली. मी तेव्हा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात पॅकिंग विभागात होतो आणि फावल्या वेळात स्वतःला कथाकार समजत होतो. शिबिरात मी माझी एक दीर्घकथा वाचली. तीन पिढ्या, दोन मृत्यू, एक अपूर्ण प्रेम, सगळे काही तिच्यात होते. वाचन संपल्यावर टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या, सुती पातळ नेसलेल्या एक बाई मात्र टाळी न वाजवता उठून माझ्याजवळ आल्या.

"कथा चांगली आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या गोष्टीत कोणी जेवत काऊन नाई? एवढे लोक उपाशी राहून कसे का जगून राह्यले?"

मी घरी येऊन कथा तपासली. खरोखरच कोणी जेवत नव्हते. एकाने चहा घेतला होता, तोही 'घशाखाली उतरला नाही' असे मीच लिहिले होते. त्या दिवसापासून मी सुलोचनाबाईंना गुरू मानत आलो आहे. त्यांनी मला शिष्य मानले की नाही, हे मी विचारलेले नाही. उत्तर काय येईल याची खात्री नाही.

सुलोचनाबाईंची नोकरी आरोग्य खात्यातली. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलातल्या आरोग्य केंद्रांत त्या लॅब टेक्निशियन होत्या. काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात हिवतापाचे जंतू शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि थेंब ज्यांचा असे त्यांच्याशी बोलण्यात उरलेला वेळ. निवृत्तीनंतर त्या ऊर्जानगरजवळच्या घरी राहायला आल्या. यजमान वामनराव वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते बागेत रमले आणि बाईंनी कादंबरी लिहायला घेतली. कमलेश नाईक नावाचा फवारणी कर्मचारी पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरतो, लोक त्याला घरात घेत नाहीत, शेवटी तोच तापाने आजारी पडतो आणि ज्यांनी दार लावले होते तेच त्याला खाटेवर घालून दवाखान्यात आणतात, अशी ती गोष्ट.

लिहिणे सोपे गेले, छापणे अवघड. पहिल्या प्रकाशकांनी कळवले की कथानक उत्तम आहे, परंतु चंद्रपूर-गडचिरोलीची कादंबरी आणि तिच्यात वाघ नाही, हे वाचकांना पटणार नाही. बाईंनी त्यांना नम्रपणे उत्तर पाठवले: "आमच्या गावात वाघापेक्षा मच्छरानं जास्त माणसं नेली. मुखपृष्ठावर मच्छर काढला तर माझी हरकत नाही." तिकडून पुन्हा पत्र आले नाही. दुसऱ्यांनी हस्तलिखित इतके दिवस ठेवले की ते गेले असावेत असे समजून वामनरावांनी त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त केली. नंतर कळले की प्रकाशक ठणठणीत होते, फक्त हस्तलिखित वाचलेले नव्हते.

अखेर पुण्याचे एक प्रकाशक तयार झाले. माणूस सज्जन, उत्साही. त्यांची एकच चिंता होती: पात्रांची झाडीपट्टीतली बोली बाकीच्या महाराष्ट्राला कळेल काय? बाईंनी सांगितले, अवघड शब्दांचे अर्थ तळाशी द्या, पण बोलणे बदलू नका. प्रकाशक "बरं, बरं" म्हणाले. पुण्यातल्या "बरं, बरं" चा अर्थ आम्हाला तेव्हा नीट ठाऊक नव्हता.

वामनरावांनी मात्र त्या "बरं, बरं" वर विश्वास ठेवून चंद्रपुरात सभागृह घेतले, आचारी ठरवला आणि आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंतच्या नातेवाइकांना आमंत्रणे दिली. समारंभ तोंडावर आला आणि तपासण्यासाठी छापील पाने आली. बाईंनी मला मदतीला बोलावले. अंगणात खुर्च्या टाकून आम्ही वाचायला बसलो. पहिल्याच पानावर मी अडखळलो.

"बाई, हा कमलाश कोण?"

"कोण कमलाश?"

"कमलाश नाहीक. फवारणीवाला."

बाईंनी पान हिसकावून घेतले. कमलाश नाहीक रोज सकाळी पंप घेऊन निघत होता. तो नाहीट ड्युटीही करत होता. त्याच्याभोवती जमलाले लोक कुजबुजत होते आणि पुढे, नाहीलाजाने, त्याला मलारिया होत होता. घडले होते असे, की प्रकाशकांच्या कचेरीत कोणीतरी संगणकाला एक आज्ञा दिली होती: जिथे 'मले' दिसेल तिथे 'मला' कर आणि जिथे 'नाई' दिसेल तिथे 'नाही' कर. संगणकाने प्रामाणिकपणे काम केले होते. कमलेशमध्येही 'मले' होते, मलेरियातही होते, आणि बिचाऱ्या नाईक आडनावाला तर काही उपायच नव्हता.

मी हसू लागलो. वामनराव बागेतून येऊन हसू लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"माझ्या मायले वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तिचं बोलणं तरी पुस्तकात यावं."

मग आमचे हसणे थांबले.

बाईंनी तेव्हाच पुण्याला फोन लावला. प्रकाशक ओशाळले. कमलेश, नाईक आणि मलेरिया लगेच दुरुस्त करतो, म्हणाले. पण संवाद प्रमाण भाषेतच राहू द्यावेत, सगळीकडे वाचले जातील, असा त्यांचा आग्रह होता. "आणि बाई, आता सगळं पुन्हा बदलायचं तर समारंभाला पुस्तक मिळणार नाही."

"नाई मिळालं तर नाई मिळालं," बाई म्हणाल्या. "थांबवा."

फोन ठेवल्यावर वामनराव हळूच म्हणाले, "आचाऱ्याले का सांगू?"

"त्याले कायले थांबवता? लोक जेवाले येतीलच."

अशा प्रकारे चंद्रपुरात पुस्तकाशिवाय पुस्तक प्रकाशन झाले. सभागृह भरले होते. प्रकाशक स्वतःही आले, कारण त्यांचे रेल्वेचे आरक्षण आधीच झालेले होते आणि माणूस, मी म्हटलेच, सज्जन होता. प्रमुख पाहुणे आरोग्य खात्यातले निवृत्त डॉक्टर होते. त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते. त्यांनी चकचकीत कागद सोडला, आतून चुकीच्या छपाईची सुटी पाने निघाली, आणि डॉक्टरांनी ती तशीच हसतमुखाने प्रेक्षकांना दाखवली. फोटोही निघाला.

सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. "पुस्तक झालं नाई," त्यांनी सरळ सांगितले. "काऊन झालं नाई ते वाचून दाखवते." आणि त्यांनी कमलाश नाहीकची हकिकत वाचायला घेतली. मलारियापर्यंत येता येता सिरोंच्याचे पाहुणे खुर्चीवरून घसरायच्या बेतात होते. प्रकाशक खाली मान घालून घाम पुसत होते.

हशा ओसरल्यावर बाईंनी ती पाने बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हस्तलिखितातून एक प्रसंग वाचला. कमलेश एका म्हातारीच्या घरी फवारणीला जातो. म्हातारी दारात उभी.

"फवारनी कर, पन माझ्या देवाच्या अंगावर नोको मारू. त्याले मच्छर नाई चावत."

"त्याले नाई चावत, पन तुले चावते ना, बुढे."

"मले चावून मच्छराले का भेटन? माझ्यात रगतच नाई उरलं."

सभागृह हसले, आणि हसता हसता गप्प झाले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी प्रकाशकांकडे पाहिले. तेही हसले होते, आणि आता त्यांचेही डोळे पाणावले होते. ते कोणी न बोलावता ध्वनिक्षेपकापाशी आले.

"हे वाक्य मी 'मला चावून डासाला काय मिळेल' असं छापणार होतो," ते म्हणाले. "तसं ऐकलं असतं तर मी ना हसलो असतो, ना मला वाईट वाटलं असतं. पुस्तक उशिरा निघेल. पण कादंबरीतल्या या आजीबाईंच्या बोलण्याला मी हात लावणार नाही."

टाळ्या थांबेनात. वामनरावांनी त्या संधीचा फायदा घेऊन जेवण तयार असल्याचे जाहीर केले.

पुढच्या हिवाळ्यात कादंबरी निघाली. आवृत्ती संपली, दुसरी निघाली. कोकणातल्या एका वाचकांनी कळवले की त्यांच्या घरी आता सगळे 'काऊन' म्हणतात आणि ते थांबवण्याचा काही उपाय असल्यास सांगावा.

बाईंच्या मोठेपणाची एवढी एकच गोष्ट नाही. आमच्या भागात जो कोणी नवा लिहिणारा आहे, त्याचे लेखन त्यांनी वाचलेले आहे. कोरपन्याच्या एका शिक्षिकेची कविता नाकारली गेली आणि तिने बाईंना तसे पत्र लिहिले, तेव्हा बाई बस बदलत तिच्या घरी गेल्या. धीर द्यायला गेल्या असतील असे आम्हाला वाटले. त्यांनी जाऊन सांगितले, "कविता खरंच जमली नाई. पन तुमचं पत्र लय झकास होतं. गद्य लिहा." ती शिक्षिका आधी रडली, मग तिने गद्य लिहिले आणि आज तिचे दोन कथासंग्रह आहेत. माझे स्वतःचे पुस्तक त्यांनीच प्रकाशकांकडे पोहोचवले. त्यात सगळी पात्रे वेळेवर जेवतात.

या गौरवग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही गौरव समितीचे लोक गेलो, मी सचिव म्हणून, तेव्हा बाईंनी ती लगेच उडवून लावली. "जितेपनी एवढं चांगलं लिहाल, तर मेल्यावर का लिहाल?" वामनरावांनी मध्यस्थी केली, म्हणून हा ग्रंथ आपल्या हाती आहे.

सध्या बाई दुसरी कादंबरी लिहीत आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारले की एखाद्या गावातली गौरव समिती असेल, तर तिच्यातली माणसे भांडतात कशावरून. मी सावधपणे उत्तर दिले. तेव्हापासून समितीतले आम्ही सगळे एकमेकांशी फार अदबीने वागत आहोत.

सुलोचनाबाईंना उत्तम प्रकृती, तीक्ष्ण दृष्टी आणि भरपूर आयुष्य मिळो, त्यांच्या हातून आणखी पुष्कळ लिहून होवो, एवढेच मागणे. आणि त्या कादंबरीत गडचांदूरचा कोणी सचिव असलाच, तर त्यालाही त्यांनी शेवटच्या प्रकरणापर्यंत जिवंत ठेवावे, ही नम्र विनंती.